सातबाऱ्यावर पडीक, चुलीवर भाजी



या त्रैमासिकात आपण दवाखाना, वसतिगृह आणि बालवाडी यांच्या बातम्या नेहमी वाचता. या अंकात संपादकांनी मला माझ्या कामाविषयी लिहायला सांगितले आहे. मंडळ्यांना भेटी देताना मला एक प्रश्न बरेचदा ऐकायला मिळतो. "ताई, आम्ही आदिवासी लेकरांसाठी दान देतो. तुम्ही तर झाडे आणि मासे मोजत फिरता. याचा त्याच्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मोकळेपणाने द्यायला हवे.

मी इकॉलॉजिस्ट आहे. एखाद्या ठिकाणची माती, पाणी, झाडे, प्राणी आणि माणसे एकमेकांवर कशी अवलंबून असतात, याचा अभ्यास करणारी. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात काही ग्रामपंचायतींना गावाचा विकास आराखडा करताना मी सल्ला देते. निर्णय माझा नसतो, तो ग्रामसभेचा असतो. रस्ता, तलाव, गोदाम किंवा झाडांची लागवड ज्या जागेवर करायची, त्या जागेवर आज काय आहे आणि त्यावर कोण जगते, हे निर्णयाच्या आधी सर्वांसमोर ठेवणे एवढेच माझे काम.

आराखडा म्हणजे काय?

प्रत्येक ग्रामपंचायत दरवर्षी आपला विकास आराखडा करते. महाराष्ट्रात 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने ही पद्धत रुजली. वित्त आयोगाचा निधी आणि इतर योजनांचे पैसे कुठल्या कामाला लावायचे, ते त्यात ठरते. आमचा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून येथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. २०१५ मध्ये राज्य शासनाने आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय घेतला. त्या निधीतून पायाभूत सुविधा, आरोग्य व शिक्षण, वनहक्कांची अंमलबजावणी यांबरोबर वनीकरण, वन्यजीव संवर्धन आणि जलसंधारण ही कामेही घेता येतात. म्हणजे गावाच्या हातात पैसाही आहे आणि अधिकारही.

अडचण येते ती कागदावर. आराखड्याचे काम सुरू झाले की पहिला प्रश्न असतो, "जागा कुठली?" मग सातबारा उघडतो. त्यावर कुठे 'पडीक', कुठे 'पोटखराब', कुठे 'गायरान' असे लिहिलेले असते. हे शब्द महसुलाचे आहेत. या जमिनीत पीक निघत नाही, तेव्हा शेतसारा नाही, एवढाच त्यांचा मूळ अर्थ. पण वाचणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ 'येथे काहीच नाही' असा होतो. ज्या जागेत काहीच नाही तेथे काहीही करायला हरकत नसते.

त्या जागेत काय असते?

मृगाचा पहिला पाऊस पडला की त्याच पडीक जागेच्या कडेला, झुडपांच्या बुंध्याशी शेवळे जमिनीतून वर येतात. शेवळाचा कंद वर्षभर जमिनीखाली निजलेला असतो. आधी फुलाचा दांडा वर येतो, पाने मागाहून. खाल्ले तर घशाला खाज सुटते, म्हणून बायका ते काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवतात. त्याच सुमारास उघड्या माळावर फोडशीची पाती येतात. पुढे टाकळा, कुर्डू, भारंगी, आणि आषाढ-श्रावणात झुडपांवर चढलेल्या वेलींना कंटोळी. पावसाळा सरल्यावर करांदे आणि इतर कंद.

या भाज्यांचे महिने ध्यानात घ्या. आमच्याकडे अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण उतारावरची माती पातळ आहे आणि शेती एकाच पिकाची. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घरातले धान्य संपत आलेले असते आणि नवा भात यायला तीन-चार महिने असतात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी देश हादरला होता. आपल्यातील वडीलधाऱ्यांना ते आठवत असेल. अशा उपासाच्या महिन्यांत या पडीक जागा माणसांना पालेभाजी, कंद, खेकडे आणि मासे देतात. ज्यांच्याकडे वारली किंवा कोकणा कुटुंबांसारखी थोडीफार शेती आहे, त्यांना याचा आधार आहेच. ज्या कातकरी कुटुंबांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यांचे शेत म्हणजे हीच जागा.

आता सांगा, फेब्रुवारी महिन्यात जागेची पाहणी करायला आलेल्या साहेबांना त्या माळावर काय दिसेल? वाळलेले गवत आणि दगड. ते लिहितात, 'जागा मोकळी आहे.' त्यांनी खोटे लिहिलेले नसते. ते चुकीच्या महिन्यात आलेले असतात. म्हणून माझा पहिला नियम असा की कोणत्याही जागेवर मत देण्याआधी तेथे तीन वेळा जायचे: उन्हाळ्यात, पहिल्या पावसात आणि पावसाळा सरताना. सोबत त्या जागेवर रोज जाणारी माणसे हवीत. त्यात गुराखी मुले आणि भाजी खुडणाऱ्या आजी पहिल्या.

नोंदवही: कायद्याने दिलेले साधन

आजीबाईंच्या डोक्यातली ही माहिती कायद्याच्या कागदावर कशी आणायची? त्यासाठी भारताच्या २००२ च्या जैविक विविधता कायद्यात सोय आहे. या कायद्याच्या ४१ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आहे, आणि समितीने गावकऱ्यांना विचारून 'लोक जैवविविधता नोंदवही' तयार करायची आहे. २००४ च्या नियमांनी समितीत महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागांची तरतूद केली. व्यापारासाठी गावच्या हद्दीतून वनस्पती नेणाऱ्यांकडून शुल्क घेण्याचा अधिकारही समितीला आहे. लोकांच्या ज्ञानाची अशी नोंदवही असावी, ही कल्पना रुजवण्यात ज्येष्ठ शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे.

बरीच वर्षे हे काम मागे पडले होते. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने राज्यांना ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दिली आणि त्यानंतर दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. मग देशभर धावपळ झाली. आज देशात अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या आहेत. पण घाईत केलेल्या कितीतरी वह्या एकमेकींच्या नकला आहेत. डोंगरावरच्या गावाच्या वहीत खाडीचे मासे सापडतात, आणि गावातली प्रत्येक बाई जी भाजी ओळखते ती सापडत नाही.

म्हणून आम्ही वही पुन्हा भरतो. ती भरायला शिवारफेरी काढतो. प्रत्येक वनस्पतीचे गावात बोलले जाणारे नाव आधी, शास्त्रीय नाव नंतर. ती कुठे उगवते, कुठल्या महिन्यात, कोण खुडते, घरी किती खातात, बाजारात किती जाते, आधीपेक्षा कमी झाली का, हे सारे लिहितो. औषधी वनस्पतींची गुप्त माहिती वैदूंना सांगायची नसेल तर ती लिहीत नाही. तो त्यांचा हक्क आहे. शेवटी गावाचा नकाशा जमिनीवर रांगोळीने काढतो आणि त्यावर या जागा खुणावतो. हाच नकाशा पुढे आराखड्याच्या बैठकीत टेबलावर ठेवायचा असतो. वही कपाटात राहिली तर तिचा उपयोग नाही.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वराने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत करायला आणि तिची राखण करायला. त्यानंतर त्याने पशुपक्ष्यांना माणसापुढे आणले आणि माणसाने त्यांना नावे दिली. राखणाऱ्याला नावे माहीत असावी लागतात. शिवारफेरीत दहा वर्षांची पोर शंभर पावलांत वीस झाडांची नावे सांगते, तेव्हा मला तो अध्याय आठवतो.

एका गावाची गोष्ट

हे प्रत्यक्षात कसे चालते, ते एका गावाच्या उदाहरणाने सांगते. गावाचे नाव देत नाही.

त्या वर्षी आराखड्यात दोन कामे होती. एक, गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या माळावर वृक्षलागवड. दुसरे, कातकरी पाड्यापर्यंत पक्का रस्ता. दोन्ही कामे चांगली. वृक्षलागवडीला कोण नाही म्हणणार? एका पाहुण्या अधिकाऱ्याने मला हसून विचारलेही, "मॅडम, तुम्ही पर्यावरणवाल्या, आणि झाडांना विरोध?"

विरोध झाडांना नव्हता. प्रस्ताव असा होता की मे महिन्यात यंत्राने माळ सपाट करून खड्डे घ्यायचे आणि जुलैत गिरिपुष्पाची रोपे दाट लावायची. यंत्राने माती उलटली की शेवळाचे आणि कंटोळीचे कंद तुटतात. मे महिना हा टिटवीचा अंडी घालण्याचा काळ, आणि ती अंडी घालते ती अशाच उघड्या माळावर, खड्यांमध्ये. गिरिपुष्प जगते, वाढते, कागदावर टक्केवारी उत्तम येते. पण त्याच्या दाट सावलीत माळाचे गवत आणि गवतातल्या भाज्या टिकत नाहीत. म्हणजे झाडे वाढतील आणि पाड्यातल्या चुलीवरची भाजी जाईल. जनावरांचा चारा जाईल तो वेगळाच.

माझ्या शास्त्रात सल्ल्याचा एक ठरलेला क्रम आहे. नुकसान टाळता येते का, हे आधी पाहायचे. टळत नसेल तर कमी कसे होईल ते पाहायचे. तेही होत नसेल तरच भरपाईचा विचार करायचा. पुष्कळदा हा क्रम उलटा चालतो. आधी झाडे तोडतात आणि मग 'दुसरीकडे दहा लावू' असे म्हणतात. पन्नास वर्षांच्या मोहाची भरपाई दहा रोपांनी होत नाही. मोह फुले आणि तेलाच्या बिया देऊ लागेपर्यंत आजचे मूल तरुण झालेले असते.

या क्रमाने आम्ही दोन पानांची टिपण तयार केली. माळावर यंत्र घालू नये. लागवड करायचीच आहे तर ती रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात आणि ज्यांची इच्छा असेल त्यांच्या बांधांवर करावी, आणि झाडे मोह, जांभूळ, आंबा, करंज, बेहडा अशी असावीत. नोंदवहीतली दोन पाने आम्ही सोबत जोडली. माळावरच्या भाज्या, त्यांचे महिने आणि त्यावर जगणारी घरे त्यात लिहिली होती.

ग्रामसभेत वाद झाला. रोपे मंजूर झाली आहेत, निधी परत जाईल, असा एक सूर होता. निधीची भीती खरी असते, तिला हसू नये. माझे बोलणे थोडक्यात आटोपले. मग पाड्यातल्या एक आजी उठल्या. त्या सभेत सहसा बोलत नसत. म्हणाल्या, "आमचा सातबारा नाय. आमचा माळच हाय. तो पन सरकारच्या कागदावर रिकामा लिवलाय. मंग आम्ही काय खातो?" सभा थोडा वेळ गप्प होती. लागवडीची जागा बदलण्याचा ठराव झाला आणि माळाची नोंद आराखड्यात 'रानभाजी व चराई क्षेत्र' अशी करायचे ठरले. निधी परत गेला नाही. जागा बदलल्याचा ठराव जोडला आणि काम त्याच वर्षी झाले.

रस्ता हवाच होता

आता रस्त्याचे. काही मित्रांना वाटते की निसर्ग सांभाळायचा तर रस्ता नको. पाड्यातून बाळंतिणीला झोळीत घालून चिखलातून उतरवताना ज्याने पाहिले आहे, तो असे म्हणणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही हे ओळखले आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा १३ सुविधांसाठी, प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पर्यंत झाडे तोडावी लागली तरी देता येते. अट अशी की ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे रस्ता आणि रान यांत निवड करायची नसते. रस्ता कसा करायचा, हे ठरवायचे असते.

या रस्त्याला तीन ओढे आडवे जात होते. पहिल्या जोरदार पावसात नदीतले मासे प्रवाहाच्या उलट चढून ओढ्यात आणि भातखाचरांत अंडी घालायला येतात. यालाच आमच्याकडे वलगण म्हणतात. मळे, शिवडा, वाम असे मासे तेव्हा हाताने धरता येतात. मोरीचा नळा ओढ्याच्या तळापेक्षा उंच बसवला तर खालच्या तोंडाशी पाणी धबधब्यासारखे पडते आणि लहान मासा तेथेच अडतो. वरच्या ओढ्यात अंडी पडत नाहीत. दोन-चार वर्षांत वरचे मासे कमी होतात, आणि लोक म्हणतात, 'काळ बदलला.' काळ बदललेला नसतो, मोरी उंच बसलेली असते.

अभियंता साहेबांशी बोलणे झाले. तिन्ही ठिकाणी स्लॅबची मोरी अंदाजपत्रकात बसत नव्हती. मग जो ओढा उन्हाळ्यापर्यंत वाहतो, त्यावर स्लॅबची मोरी झाली आणि त्याचा तळ दगडगोट्यांचा, जसा होता तसाच राहिला. उरलेल्या दोन ठिकाणी नळे ओढ्याच्या तळापेक्षा खाली बसवले, म्हणजे त्यांत खडी-माती बसून तळ सलग राहील. यासाठी वेगळी मोठी रक्कम लागली नाही. काम सुरू होण्याआधी कोणीतरी विचारावे लागले, इतकेच.

सगळेच वाचले असे नाही. वळणावरचे एक जुने उंबराचे झाड गेले. दुसरी वाट काढली असती तर एका विधवा बहिणीचे खाचर जात होते. ग्रामसभेने खाचर राखले. माझ्या मते तो निर्णय योग्य होता. पण हरियलांचे थवे त्या उंबरावर येत, ते आता तेथे दिसत नाहीत, हेही मी नोंदवहीत लिहिले आहे. वही खरी असावी.

देवराईविषयी एक शब्द

काही विश्वासणाऱ्या बांधवांनी मला विचारले आहे की नोंदवहीत देवराई का लिहायची, आपण त्या देवांना मानत नाही. माझे उत्तर साधे आहे. नोंदवही ही साऱ्या गावाची आहे आणि गावात अनेक श्रद्धांचे लोक राहतात. त्या राईत शतकानुशतके कुऱ्हाड लागली नाही, म्हणून तिच्या पायथ्याचा झरा चैत्रातही वाहतो. त्या झऱ्याचे पाणी आपल्या वसतिगृहातली लेकरेही पितात. शेजाऱ्याने राखलेल्या चांगल्या गोष्टीबद्दल कृतज्ञ राहणे हे आपल्या विश्वासाच्या विरुद्ध नाही.

सरव्याची कड

लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वर शेतकऱ्याला सांगतो की शेताच्या कडा पूर्ण कापू नकोस, खाली पडलेला सरवा वेचू नकोस, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. रूथ बवाजाच्या शेतात गेली ती याच आज्ञेच्या भरवशावर. ती बवाजाच्या दयेने जगली हे खरे. पण दयेच्या आधी तेथे एक नियम होता, आणि त्या नियमामुळे शेताची कड शिल्लक होती.

आमच्या डोंगरातल्या गरिबांची ती कड म्हणजे माळ, ओढा आणि रानाचा काठ. आज तिला कोणी मुद्दाम काढून घेत नाही. एखाद्या चांगल्याच कामासाठी, रिकामी जागा समजून, ती आराखड्यातून नाहीशी होते. दवाखान्यात कुपोषित बाळाला खिचडी देणे हे आपले काम आहेच. पण त्या बाळाच्या आईची भाजीची जागा गावाच्या कागदावर टिकवणे, हेही त्याच सेवेचे काम आहे. आपल्या दानाचा माझ्या कामाशी संबंध तो हा.

हे होऊ शकते, याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेथील ग्रामसभा अभ्यास करून, सर्वांच्या सहमतीने आपल्या रानाचे निर्णय घेते.

आपण काय करू शकता? आपल्या गावी किंवा शहरात जैवविविधता समिती आहे का आणि तिची नोंदवही कशी आहे, हे ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विचारा. कायदा शहरांनाही लागू आहे. मंडळीच्या आवारात झाड लावताना शोभेच्या झाडाऐवजी आपल्या मातीतले लावा. आणि देणगीतून झाडे लावण्याची इच्छा असेल तर संख्या विचारण्याआधी जागा विचारा.

प्रार्थनेचे विषय

१. नोंदवही भरणाऱ्या महिलांसाठी, त्यांना ग्रामसभेत बोलण्याचे धैर्य मिळावे म्हणून.

२. कातकरी पाड्यांसाठी. पेसाच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. असे प्रस्ताव तयार होत आहेत, त्यांना मार्ग मिळावा म्हणून.

३. सरपंच, ग्रामसेवक आणि अभियंते यांच्यासाठी. थोड्या निधीत आणि थोड्या वेळात त्यांना पुष्कळ निर्णय घ्यावे लागतात.

४. येत्या पावसासाठी, आणि वीटभट्ट्यांवरून परतणाऱ्या कुटुंबांसाठी. माळ हिरवा व्हावा आणि लेकरांच्या ताटात भाजी यावी म्हणून.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.